आयकराची डिमांड: नोटीस आल्यापासून बँकेचं खातं सुटेपर्यंत

आयकराच्या पोर्टलवर ‘आउटस्टँडिंग डिमांड’चा, म्हणजे थकीत कराच्या मागणीचा, आकडा दिसला की काही जण घाबरून त्याच दिवशी पैसे भरून मोकळे होतात. बाकीचे ‘सीए बघेल’ म्हणून लॅपटॉप मिटतात. पहिल्यांचे कधी कधी न लागणारे पैसे जातात. दुसऱ्यांना सहा-आठ महिन्यांनी बँकेचा मेसेज येतो की खात्यावर लियन लागलाय, म्हणजे त्यातले पैसे अडवून ठेवलेत.

हा लेख पगारदार, छोटे व्यावसायिक आणि पेन्शनर यांच्यासाठी आहे, म्हणजे ज्यांच्या घरी कर सल्लागार रोज येत नाही अशांसाठी. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. डिमांड चुकीची आहे असं सांगणं हे एक काम आणि वसुली थांबवा असं सांगणं हे दुसरं. दोन्हींचे अर्ज वेगळे. रेक्टिफिकेशन, म्हणजे चुकीच्या दुरुस्तीचा अर्ज, टाकलं किंवा अपील केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. बरीच खाती याच गैरसमजातून गोठतात.

कलमांबद्दल आधी खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. पण आधीच्या वर्षांच्या थकबाकीवर १९६१ च्या कायद्याचीच कलमं चालतात आणि नोटिशीवरही तीच दिसतात. म्हणून इथे जुने आकडे दिले आहेत.

पहिला दिवस: कागद खरा आहे का?

ईमेल किंवा एसएमएसमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा. ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिन न करताही, ‘ऑथेंटिकेट नोटीस’मध्ये तो टाकून तपासता येतो. फोनवर ‘साहेब बोलतोय, यूपीआयवर पाठवा’ म्हणणारा आयकरवाला नसतो. विभागाकडे पैसे चलनानेच जातात.

लॉगिनच होत नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच असतं. पाच-सातशे रुपयांत रिटर्न भरून देणाऱ्याने स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल टाकलेला असतो. नोटिसा त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतात आणि तुमची मुदत मात्र तिकडे पोचल्या दिवसापासून मोजली जाते. आधार ओटीपीने पासवर्ड बदला आणि प्रोफाइलमध्ये स्वतःचा नंबर घाला. बाकी सगळं त्यानंतर.

आत गेल्यावर ‘पेंडिंग ॲक्शन्स’ आणि त्यात ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’. तिथून चार गोष्टी वहीत लिहून घ्या: आकारणी वर्ष, डिमांड रेफरन्स नंबर, कोणत्या कलमाखाली (१४३(१) ची इंटिमेशन म्हणजे रिटर्नच्या प्राथमिक तपासणीनंतरची सूचना, १४३(३) चा म्हणजे सविस्तर तपासणीनंतरचा आदेश, की १५४ ची दुरुस्ती) आणि तो आदेश कधी मिळाला. आकारणी वर्ष आणि आर्थिक वर्ष यांत गल्लत करू नका. २०२३-२४ मध्ये कमावलेल्या पैशाचं आकारणी वर्ष २०२४-२५.

यादीत फार जुनी, किरकोळ रक्कम असेल तर ती माफ झाली आहे का तेही पाहा. प्रत्यक्ष कर मंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जुन्या छोट्या डिमांड रद्द केल्या. आकारणी वर्ष २०१०-११ पर्यंतच्या नोंदीत प्रत्येकी २५,००० रुपयांपर्यंत, २०११-१२ ते २०१५-१६ साठी प्रत्येकी १०,००० पर्यंत, आणि एका करदात्याला एकूण १ लाखाची कमाल मर्यादा. अशा नोंदीपुढे ‘एक्स्टिंग्विश्ड’ असं दिसतं. तिचे पैसे भरायला जाऊ नका.

तीस दिवसांचा हिशेब

कलम १५६ ची मागणी नोटीस मिळाल्यापासून भरण्यासाठी ३० दिवस असतात. १४३(१) ची इंटिमेशन हीच मागणी नोटीस धरली जाते, वेगळा कागद येईलच असं नाही. तीस दिवस उलटले की तुम्ही कायद्याच्या भाषेत ‘थकबाकीदार’ होता आणि कलम २२०(२) चं व्याज सुरू होतं: दरमहा १ टक्का, सरळव्याज, पण महिन्याचा एक दिवस जरी लागला तरी पूर्ण महिना धरून.

उदाहरण घेऊ. डिमांड ६८,४३० रुपयांची, नोटीस मिळाली १० जूनला. मुदत संपली १० जुलैला. तुम्ही पैसे भरले १२ सप्टेंबरला. ११ जुलैपासून मोजलं तर दोन महिने आणि वर दोन दिवस, म्हणजे व्याज तीन महिन्यांचं. शंभराच्या खालची रक्कम सोडून ६८,४०० वर महिना ६८४, एकूण २,०५२ रुपये. दोन दिवस आधी, १० सप्टेंबरला भरले असते तर १,३६८ मध्ये भागलं असतं. भरायचेच असतील तर महिना कोणत्या तारखेला उलटतो ते आधी बघा. हे व्याज इंटिमेशनमध्ये दिसत नाही. त्यामुळे मूळ रक्कम भरूनही काही महिन्यांनी हजार-दोन हजारांची नवी डिमांड उगवते आणि लोक म्हणतात ‘पैसे भरले तरी मागतायत’.

व्याजाखेरीज कलम २२१ खाली दंडही लागू शकतो, थकबाकीच्या रकमेपर्यंत. पण त्याआधी म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि सबळ कारण असेल तर तो लागत नाही.

आकडा आला कुठून?

इंटिमेशनच्या पीडीएफमध्ये दोन रकाने असतात: तुम्ही रिटर्नमध्ये काय दाखवलं आणि विभागाने काय धरलं. रांगेने खाली या आणि जिथे दोन आकडे पहिल्यांदा वेगळे दिसतील तिथे थांबा. खालचे सगळे फरक बहुतेक त्या एका ओळीतून निघालेले असतात. शेजारी फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तपशील) आणि एआयएस (वर्षभरातल्या उत्पन्न-व्यवहारांचं विवरण) उघडे ठेवा.

नेहमीची कारणं मोजकी आहेत. टीडीएस तुम्ही दाखवला पण २६एएसमध्ये नाही. सेल्फ असेसमेंटचा, म्हणजे रिटर्नच्या वेळी स्वतः हिशेब करून भरायचा, कर भरला, पण रिटर्नमध्ये चलनाचा बीएसआर कोड (बँक शाखेचा, सात आकडी) किंवा अनुक्रमांक चुकला, किंवा चलन चुकीच्या आकारणी वर्षात गेलं. रिटर्न मुदतीनंतर भरलं आणि जुनी कररचना धरली. मुदत चुकली की जुनी रचना निवडता येत नाही, मग ८०सीची आणि घरभाड्याची सवलत सगळी उडते आणि फरक अंगावर येतो. परदेशातून परत आलेल्यांच्या बाबतीत तिकडे भरलेल्या कराची वजावट मागितली पण फॉर्म ६७ दिलाच नाही, हेही वारंवार दिसतं.

यातलं टीडीएसचं प्रकरण सगळ्यात जास्त छळतं, कारण पगारातून पैसे गेलेले असतात आणि मालकाने ते सरकारात भरलेले नसतात. कंपनी बुडाली असेल तर दाद कुणाकडे मागायची? इथे कलम २०५ उपयोगी पडतं: तुमच्याकडून कर कापला गेला असेल तर तेवढ्या रकमेसाठी तुमच्याकडे थेट मागणी करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हेच सांगितलं. कर मंडळानेही १ जून २०१५ च्या सूचनेत अधिकाऱ्यांना अशी वसुली सक्तीने करू नका असं बजावलं आणि मार्च २०१६ मध्ये पुन्हा आठवण करून दिली. पण ‘कापला’ हे तुम्हाला दाखवावं लागतं. पगारपत्रकं (वजावटीची ओळ दिसेल अशी), बँकेत जमा झालेला निव्वळ पगार, असेल तर फॉर्म १६, आणि मालकाला पाठवलेलं पत्र किंवा ईमेल. नुसतं ऑफर लेटर चालत नाही, त्यात कापलेला कर नसतो. याची मर्यादाही समजून घ्या. कलम २०५ वसुली अडवतं, २६एएसमध्ये जमा दाखवत नाही. डिमांड पोर्टलवर लटकत राहू शकते आणि दरवर्षीच्या रिफंडच्या वेळी पुन्हा डोकं वर काढते. म्हणून हा कागदांचा गठ्ठा जपून ठेवा.

पोर्टलवर उत्तर देताना

दोन मुख्य पर्याय दिसतात: ‘डिमांड इज करेक्ट’ आणि ‘डिसअग्री’, म्हणजे पूर्ण किंवा अंशतः अमान्य. पहिल्यावर घाईने क्लिक करू नका. एकदा बरोबर आहे म्हटलं की त्याच डिमांडला नंतर अमान्य म्हणता येत नाही. अर्धी रक्कम पटत असेल तर अंशतः अमान्य करा, पटलेला भाग भरा आणि उरलेल्याचं कारण व पुरावा जोडा.

मात्र ‘डिसअग्री’ नोंदवलं की डिमांड कमी झाली, असं होत नाही. ती फक्त तुमची हरकत आहे. आकडा बदलतो तो दुरुस्तीने किंवा अपिलाने.

चूक कागदावर उघड दिसत असेल (चलन धरलं नाही, टीडीएस २६एएसमध्ये असूनही दिला नाही) तर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘रेक्टिफिकेशन’. रिटर्न तुमचं बरोबर असेल आणि चूक विभागाची असेल तर ‘रीप्रोसेस’ निवडा. टीडीएस किंवा चलनाचा तपशील तुमचाच चुकला असेल तर ‘टॅक्स क्रेडिट मिसमॅच’. उत्पन्नाचे आकडे चुकले असतील तर ‘रिटर्न डेटा करेक्शन’, आणि त्यात सगळी परिशिष्टं पुन्हा नीट भरावी लागतात. चुकीचा प्रकार निवडला तर तोच जुना आकडा नव्या तारखेने परत येतो. दुरुस्तीसाठी आदेशाच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून ४ वर्षं मिळतात.

वाद कायद्याचा किंवा वस्तुस्थितीचा असेल, म्हणजे अधिकाऱ्याने उत्पन्नच वाढवून धरलं असेल, तर अपील: फॉर्म ३५, आयुक्त (अपील) यांच्याकडे, ३० दिवसांत. फी आकारणीत ठरलेल्या उत्पन्नावर: १ लाखापर्यंत २५०, २ लाखांपर्यंत ५००, त्यापुढे १,००० रुपये. रिटर्नमध्ये तुम्हीच कबूल केलेल्या उत्पन्नावरचा कर भरलेला नसेल तर अपील दाखल करून घेत नाहीत. मुदत टळली असेल तर उशिराचं कारण लिहून माफी मागता येते, पण ‘सीएने सांगितलं नाही’ एवढ्या एका ओळीवर विसंबू नका. लोक इथेच घसरतात: दुरुस्तीचा अर्ज टाकतात, चार महिने वाट बघतात, तो फेटाळला जातो आणि तोवर अपिलाची मुदत गेलेली असते. दुरुस्ती चालू आहे म्हणून अपिलाचं घड्याळ थांबत नाही. शंका असेल तर तीस दिवसांच्या आत दोन्ही करा.

वसुली थांबवण्याचा अर्ज

अपील निकाली निघायला वर्षं जातात. तोवर वसुली रोखायची तर कलम २२०(६) खाली असेसिंग ऑफिसरकडे (तुमची आकारणी करणारा अधिकारी) स्टेचा, म्हणजे स्थगितीचा, अर्ज द्यावा लागतो. तुमचा अधिकारी कोण हे पोर्टलवर ‘नो युवर एओ’मध्ये पॅन टाकून कळतं. पुण्याहून बदली होऊन नाशिकला आलात तरी पॅन पुण्यातच असू शकतं. अर्ज पॅनच्या गावी करायचा, राहत्या नव्हे.

कर मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या सूचनेनुसार वादातल्या रकमेच्या २० टक्के भरल्यास अपिलाचा निकाल लागेपर्यंत बाकीला स्टे देणं हा सर्वसाधारण नियम आहे. आधी हा आकडा १५ टक्के होता. पण २० टक्के म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकरणात सांगितलं की अधिकारी यापेक्षा कमी रकमेवरही स्टे देऊ शकतात. अधिकारी नाही म्हणाला तर त्याच्यावरच्या प्रधान आयुक्तांकडे जाता येतं.

अर्ज दोन पानांत आवरा. पॅन, आकारणी वर्ष, डिमांड क्रमांक, अपिलाचा पोच क्रमांक. मग चार-पाच ओळींत डिमांड का टिकणार नाही. मग आर्थिक स्थिती: उत्पन्न, कर्जाचे हप्ते, बँकेतली शिल्लक, सहा महिन्यांचं स्टेटमेंट सोबत. मग मागणी: २० टक्क्यांचं चलन जोडलं आहे, किंवा अमुक कारणाने इतकेच भरू शकतो, उरलेल्याला स्टे द्यावा. ‘परिस्थिती हलाखीची आहे’ एवढंच लिहून काही साधत नाही, आकडे हवेत. अर्ज प्रत्यक्ष देणार असाल तर आयकर सेवा केंद्रात दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. उद्या खातं गोठलं तर तो शिक्का हाच तुमचा पुरावा. मुंबई उच्च न्यायालयाने यूटीआय म्युच्युअल फंडाच्या २०१२ च्या निकालात सांगितलं आहे की अपिलाची मुदत संपायच्या आत आणि स्टेचा अर्ज प्रलंबित असताना वसुली करू नये. करदाता पैसे लपवेल असं मानायला कारण असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात आणि गोव्यात याच न्यायालयाचा शब्द चालतो, अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

डिमांड मान्य आहे, पण एकरकमी झेपत नाही? मग कलम २२०(३) खाली हप्ते मागा, तेही मूळ तीस दिवस संपायच्या आत. ‘सहा हप्ते, दर महिन्याच्या ७ तारखेला, अमुक रक्कम’ असा तक्ता स्वतःच करून द्या. हप्ते मिळाले तरी १ टक्का व्याज चालूच राहतं, आणि एक हप्ता चुकला की बाकीची सगळी रक्कम थकीत धरली जाते. व्याज माफ किंवा कमी करून घेण्यासाठी कलम २२०(२अ) आहे, पण त्यात तीन अटी एकत्र लागतात: खरी अडचण, हाताबाहेरची कारणं आणि तुमचं सहकार्य. २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे ५० लाखांपर्यंतच्या व्याजाचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात.

पैसे भरताना

‘ई-पे टॅक्स’मध्ये डिमांडसाठी ‘रेग्युलर असेसमेंट टॅक्स (४००)’ हा पर्याय निवडा आणि डिमांड क्रमांकावर क्लिक करून चलन करा. सवयीने ३०० म्हणजे सेल्फ असेसमेंट निवडलंत तर पैसे सरकारात जातात पण डिमांड तशीच उभी राहते. तसं झालं असेल तर पोर्टलवरच चलन दुरुस्ती करता येते: आकारणी वर्षासाठी ७ दिवस, शीर्ष (३०० ऐवजी ४००) बदलण्यासाठी ३० दिवस. मुदत गेली की असेसिंग ऑफिसरला पत्र लिहावं लागतं आणि मग महिने जातात. भरलेलं चलन ‘रिस्पॉन्स’मध्ये जाऊन पुन्हा नोंदवा.

रिफंड, पगार, बँक, सातबारा

वसुलीचा पहिला हात रिफंडवर पडतो. कलम २४५ ची सूचना येते की या वर्षीचा रिफंड जुन्या डिमांडकडे वळवतोय, उत्तराला २१ दिवस. गप्प बसलात तर वळवून मोकळे. बऱ्याच जणांना दहा वर्षांपूर्वीच्या डिमांडचा पत्ताच तेव्हा लागतो.

पुढे कलम २२६: मालकाला पगारातून कापायला सांगता येतं, आणि २२६(३) खाली तुमच्या बँकेला, भाडेकरूला, ज्यांच्याकडून बिलं यायची आहेत त्या ग्राहकांनाही नोटीस जाते. बँकेच्या मॅनेजरशी हुज्जत घालून उपयोग नाही. नोटीस पाळली नाही तर बँक स्वतःच थकबाकीदार ठरते, त्यामुळे तो ऐकणारच नाही. त्याच्याकडून फक्त नोटिशीची प्रत मागा. तिच्यावरचं अधिकाऱ्याचं पद, डीआयएन, रक्कम आणि आकारणी वर्ष टिपून घ्या, आणि रक्कम व्याजासह तुमच्या हिशेबाशी जुळते का पाहा. संयुक्त खातं असेल, समजा आईच्या पेन्शनचं आणि त्यात तुमचं दुसरं नाव, तर उलट सिद्ध होईपर्यंत हिस्से समान धरले जातात. पैसे फक्त पेन्शनचेच जमा होतात हे दाखवणारं स्टेटमेंट लगेच अधिकाऱ्याकडे द्या. खातं सुटतं ते अधिकाऱ्याच्या लेखी पत्राने. चलन दाखवून बँक सोडत नाही. पत्र निघालं की त्याची प्रत शाखेत नेऊन द्या, नाहीतर ते बँकेच्या मुख्य कार्यालयाच्या ईमेलमध्ये आठवडाभर पडून राहतं.

त्यानंतरचा टप्पा टॅक्स रिकव्हरी ऑफिसरचा, म्हणजे करवसुली अधिकाऱ्याचा. त्याच्या पहिल्या नोटिशीत १५ दिवस असतात. मग जंगम, स्थावर मालमत्तेची जप्ती आणि लिलाव. जमिनीवर जप्ती आली की तलाठ्याकडून सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतो आणि थकबाकी फिटली तरी तो आपसूक उतरत नाही, सुटकेचं पत्र घेऊन फेरफार करून घ्यावा लागतो. घाईघाईने फ्लॅट भावाच्या नावावर करून देणं हा उपाय नव्हे. कार्यवाही चालू असताना केलेलं असं हस्तांतरण विभागापुरतं निरर्थक ठरतं (कलम २८१) आणि अधिकाऱ्याला ‘लपवतोय’ म्हणायला आयतं कारण मिळतं. अटकेची तरतूद कायद्यात आहे, पण ती ऐपत असून न भरणाऱ्यासाठी किंवा लबाडीने मालमत्ता हलवणाऱ्यासाठी, तीही कारणे दाखवा नोटिशीनंतर. स्त्रिया आणि अल्पवयीन मुलांना अशी अटक करता येत नाही.

थकबाकीदार वारला असेल तर वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, स्वतःच्या कमाईतून भरायची नसते. पोर्टलवर आधी ‘कायदेशीर वारस’ म्हणून नोंदणी करा, म्हणजे त्यांच्या पॅनच्या नोटिसांना तुमच्या लॉगिनमधून उत्तर देता येईल.